तेराचं ॲव्हरेज

आमच्या घरात गाडी आली ती दोन हजार सालानंतर. पेट्रोलवरची, चार माणसं आणि अव्वांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, पिशवी मावेल एवढी. टर्बो वगैरे काही नाही. तसल्या गाड्या तेव्हा नणंदेच्या यजमानांकडे, आणि त्याही डिझेलच्या. जाहिरातीत लिटरला वीसच्या वर लिहिलेलं होतं. आमच्या ह्यांनी ती जाहिरात वाचून कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पंधरा धरून चालायचं. बाकीचं बोलायला हाय."

ह्यांची शाहूपुरीत गुळाची अडत. गुळाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला समोरच्यावर विश्वास ठेवायची सवयच राहत नाही. फार पिवळा गूळ दिसला की यात पावडर मारलीय हे त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं; मग तुकडा फोडून जिभेवर ठेवायचे तो आपलंच खरं करायला. गाडीलाही तोच न्याय. पेट्रोलचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून डाग राहतो का बघायचे. टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचे आणि भरताना स्वतः गाडीला मागून हलवायचे, आत हवा राहू नये म्हणून. पंपावरची पोरं तोंड फिरवून हसायची. मी गाडीत बसून समोर बघत राहायचे.

मी हातकणंगल्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होते. आधी बसनं जायची. गाडी चालवायला मी ह्यांच्या नकळत शिकले नाही, त्यांना विचारूनच शिकले, पण ते 'बघू' म्हणाले होते आणि मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. आठवडाभर गाडी माझ्याकडे, रविवारी त्यांच्याकडे. रविवारी आम्ही सगळे निपाणीला नणंदेकडे जायचो.

पहिल्या पावसाळ्यात सगळं सुरळीत होतं. उसाचा हंगाम सुरू झाला आणि ॲव्हरेज उतरलं. सतराचं तेरा झालं.

ह्यांना रोखून विचारायची सवय नव्हती. ते कडेकडेनं यायचे. जेवताना म्हणायचे, "आज वाटेत कुठं थांबलीस काय?" मी म्हणायचे, नाही. "शाळंच्या गेटावर गाडी चालू ठिवून बाईमंडळी बोलत बसता व्हय?" मी म्हणायचे, नाही. मग वरणभात कालवत, जणू सहजच: "मग पेट्रोल जातंय कुठं?"

तेव्हा मला खरा राग यायचा. कारण पेट्रोल कुठं जातंय, या प्रश्नात मी कुठं जाते, हा प्रश्न भरलेला होता. संध्याकाळी मी गाडी लावली की ते चप्पल शोधण्याच्या निमित्तानं बाहेर येऊन किलोमीटरचा आकडा वाचायचे. तो तर बरोबर असायचा! राजारामपुरी ते हातकणंगले आणि परत, एवढाच. पण अव्वा देवापुढून उठताना हमखास म्हणायच्या, "गाडी आल्यापासनं सून घरात ऱ्हाईनाच झाली." मी घरात पूर्वीपेक्षा तासभर आधी यायला लागले होते. हे कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

मग एक दिवस ह्यांनी निकाल दिला. "संक्रातीपतुर बघू. न्हाई सुधारलं तर तू आपली बसनं जा. गाडी अडतीवर लावतो."

बसचं मला भय नव्हतं, वर्षानुवर्षं बसनंच गेले होते. पण शिरोली नाका ओलांडला की गाडीत मी एकटी असायचे. कुणाला चहा नको असायचा, कुणाची वही तपासायची नसायची. दिवसात तेवढाच वेळ माझा होता, आणि आता तोच जाणार होता. पाणी कुठंतरी मुरतंय हे ह्यांच्याइतकंच मलाही पटलं होतं. फक्त आमचे संशय वेगवेगळ्या दिशांना धावत होते.

मी आधी मेकॅनिकवर संशय घेतला. शिवाजी पेठेतला, ह्यांच्या तालमीतला जुना दोस्त. त्यानं मुद्दाम काही सैल ठेवलं असेल, परत परत यावं म्हणून. दुसऱ्याकडे नेली, त्यानं प्लग साफ केले, एअर फिल्टर बदलला, हवा बघितली. तेराचं काही चौदा होईना. मग वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर नजर ठेवली, रात्री नळी घालून काढतो की काय. शेवटी तर मी प्रत्यक्ष नवऱ्याच्या स्कूटरची टाकी उघडून बघितली. म्हटलं, मला बसमध्ये बसवायचं असेल तर हा माणूस स्वतःच काढत असेल. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी त्यांच्या स्कूटरपाशी वाकून वास घेत होते, हे खरं आहे.

संक्रांतीच्या आधीच मी शाळेच्या पायरीवरून घसरले आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. एका हातानं बसचा दांडा धरून उभं राहायचं म्हणजे अवघड. ह्यांना त्या दिवसांत हातकणंगल्याच्या बाजूच्या गुऱ्हाळांवर जायचंच होतं. म्हणाले, "मी सोडतो, येताना घिऊन येतो." माणूस मनानं वाईट नाही. एरवी मी हे सांगायचं टाळते.

तर तोच रस्ता, तीच वेळ, तीच गाडी, आणि मी डाव्या सीटवर.

ह्यांचा हात बसलेला अडतीच्या डिझेल टेम्पोवर. गुळानं भरलेला टेम्पो कसा, सावकाश का होईना, वरच्या गिअरमध्ये ओढत नेतो. ही गाडीही तशीच चालवायची, असं त्यांनी धरलेलं. नाका सुटला की लगेच चौथा. हेरल्याच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं लागला, त्याच्या पुढं जायलाही चौथाच. ॲक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकला, इंजिन आतून ठकठक करायला लागलं, गाडी मात्र वेग घेईना. समोरून एसटी येताना दिसायला लागली. मी म्हटलं, "अहो, तिसरा टाका की!"

"तिसऱ्यात पेट्रोल खाती ती."

"खाऊ दे! आधी पुढं तरी जाऊ दे!"

त्यांनी ब्रेक मारला आणि आम्ही परत ट्रॉलीच्या मागं. उसाची पानं काचेवर घासत होती. पुन्हा चौथा, पुन्हा पाय तळाला, पुन्हा ब्रेक. अतिग्र्यापर्यंत हेच. या गाडीला दम हवा असेल तर इंजिन जरा फिरू द्यावं लागतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण ट्रॉल्यांमागं रखडत माझं तेरा पडत होतं, तर ह्यांचं चौथ्यात किती पडतं, तो टाकीचा आकडा मला आधी हवा होता.

तो रविवारी मिळाला. निपाणीला निघताना पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, ह्यांनी गाडी हलवली, मग मीटरकडे बघितलं. हिशेब ते तोंडानंच करतात. ओठ हलले आणि थांबले. पुन्हा हलले.

"किती?" मी विचारलं.

"अकरा."

मागच्या सीटवर अव्वा होत्या. खरं सांगते, मला माफीही नको होती. नुसतं 'अरेच्चा' म्हणाले असते तरी चाललं असतं.

ते पंपवाल्याकडे वळले. "काटा मारताय काय रं? माप आण."

पोरानं पाच लिटरचं सरकारी माप आणलं, भरून दाखवलं. पेट्रोल रेघेला बरोबर लागलं. ह्यांनी खाली बसून, एक डोळा मिटून बघितलं. मग उठले, हात पुसले. पंप संशयातून सुटला होता. मेकॅनिक आधीच दोन झाले होते. मी तर गळ्यात हात अडकवून बसले होते. आता संशय घ्यायला कोण उरलं होतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"गाडीच बाद हाय," ते म्हणाले. "इकून टाकू."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला जगातल्या कुठल्याही गुळाची भेसळ कळत होती. म्हटलं, "मी चालवत होते तेव्हा चोर मी. तुम्ही चालवलीत तर चोर गाडी. व्हय ना?"

"तुला चोर कोण म्हणलं?"

"विका," मी म्हटलं. "मी घेते."

त्यांना ती थट्टा वाटली. प्लॅस्टर निघाल्यावर मी माझ्या पगाराच्या पैशातून ती गाडी त्यांच्याकडून रीतसर विकत घेतली आणि कागद माझ्या नावावर करून घेतले. अव्वा महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. ह्यांनी सह्या केल्या आणि गाडीची किल्ली स्वतःच्या जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली. मला वाईट वाटलं. तरी मी कागद उचलले.

पुढच्या उसाच्या हंगामात एकदा आम्ही दोघंच निपाणीला चाललो होतो. मी चालवत होते, ते डावीकडे. पुढं उसाची ट्रॉली लागली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आता किती देती?"

"मला पुरतंय," मी म्हटलं, आणि तिसरा टाकून ट्रॉली मागं टाकली.