चिलापीचा चोथा

माझं माहेर पळसदेवचं, घरात सगळे मासे धरणारे. लहानपणी शाळेच्या डब्यात मासा नेला की माझ्या शेजारची जागा रिकामी व्हायची. पुढं शिक्षिका होऊन कळंबकडच्या एका शाळेत आले, तर इथल्या कितीतरी पोरांच्या अंगात रक्त कमी, डोळ्यांत लाली दिसेना. आणि आमच्या उजनी धरणातली चिलापी मासळी बर्फात बसून दूरदूरच्या शहरांना जाते. मला याचा संतापच यायचा.

शाळेच्या जेवणात आठवड्याला अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. तसाच एक दिवस मासा द्या, म्हणून मी शाळेच्या समितीत धोशा लावला. अध्यक्ष आबा पक्के ऊसवाले. ते म्हणाले, एकदा करून बघा, पण पोरांनी टाकलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

बुधवारी माझा भाऊ ताजी चिलापी घेऊन आला. मधला मोठा काटा काढून आम्ही घट्ट कालवण केलं. माळकऱ्यांच्या पोरांना केळी दिली, बाकीची, मासा कधी न चाखलेली, हुरूपानं पंगतीला बसली. आणि पहिल्या घासालाच थू थू सुरू झालं. ताटाताटाशेजारी चावलेल्या माशाचे ढीग पडू लागले. मला रडूच यायला लागलं.

आबा मुद्दाम बघायला आले होते. त्यांनीही एक तुकडा तोंडात टाकला, चांगला चघळला, रस गिळला आणि उरलेलं थुंकलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आबा, ऊस न्हाय त्यो," मी बोलून गेले. "ह्याचा चोथाच खायचा असतोय."

आबांना असं कुणी बोलत नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी शाळा हसत सुटली. मी ताट घेऊन पोरांतच बसले. तुकडा बोटांनी उलगडला, बारीक काटा चिमटीत धरून बाजूला ठेवला. पोरं बघून बघून तसंच करू लागली. हळूहळू ताटांशेजारी नुसते काटे दिसायला लागले.

आबा अजून उभेच होते. रागावले असणार, म्हणून मी वर बघितलंच नाही.

"वाईच सरका, बाई," म्हणत ते माझ्या शेजारी मांडी घालून बसले. "काटा कसा काढायचा त्ये पुन्यांदा दावा. दर बुधवारी पोरांम्होरं माझं हसं नगं."