आधी रिसेट दाब

गिरीश गेल्याची बातमी माझ्याकडे एकटी आलीच नाही, येताना आरोप बरोबर घेऊन आली. मी शिकवते त्या मासवणच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती. मी डबा उघडला आणि बोईसरच्या कुठल्याशा ग्रुपवरचा निरोप फिरत फिरत माझ्या मोबाइलवर पोचला... तारापूरच्या कारखान्यात स्फोट, ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना, आणि खाली मृताचं नाव, राहणार पाम. त्याचं शरीर अजून शवागारात होतं, त्याच्या आईला धड कुणी सांगितलंही नव्हतं, आणि निष्काळजीपणा मात्र ठरूनसुद्धा गेला होता. ज्याने हे लिहिलं त्याच्या तोंडात किडे पडोत, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले. आता कित्येक आठवडे उलटले, पण मी ते वाक्य मागे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

आमची मैत्री कॅसेटमुळे झाली. माझे वडील साताऱ्याकडून तारापूरला नोकरीला आले आणि आम्ही पामला गिरीशच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो. त्याच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याला लावायच्या प्लॅस्टिकच्या पिवळ्या खोक्याला तेव्हा सगळी पोरं कॅसेटच म्हणायची. एकदा त्याच्या वडिलांनी बोईसरच्या बाजारातून नवी कॅसेट आणली, वर छापलेलं ‘९९९ गेम’. आम्ही नाचलो. गिरीश नाचला नाही. तो मेच्या सुट्टीभर दुपारी पंख्याखाली बसून त्यातला एकेक गेम उघडून बघत राहिला, आणि सुट्टी संपताना त्याने निकाल दिला की मुळात गेम सातच आहेत, बाकी नुसते रंग आणि नावं बदललेली. एवढ्यावर तो थांबला असता तर तो गिरीश कसला! कॅसेट घेऊन तो दुकानात गेला, मला बरोबर घेऊन. दुकानदार म्हणाला, “अरे, चालते ना? मग खेळ की.” गिरीश म्हणाला, “चालते. पन मग नवशे नव्व्यान्नव कशाला लिवलंय?” दुकानदाराने आम्हाला हाकलून दिलं. घरी येऊन गिरीशने कॅसेटवर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, ‘सात’.

असा माणूस मोठा होऊन केमिकल कारखान्यात ऑपरेटर झाला. त्याच्याइतका चिवट आणि प्रसंगी डोकं उठवणारा माणूस मी पाहिलेला नाही. भाजी घेताना, स्कूटर लावताना, कुलूप घालताना त्याचं सगळं ठरलेल्या क्रमाने चालायचं. त्याच्याबरोबर कुठे निघायचं म्हणजे दारातच म्हातारं व्हायची पाळी. मी चिडायचे. तो म्हणायचा, “सुवर्णे, तुज्या फळ्यावर चुकलं तर डस्टर हाय. आमच्याकडं डस्टर नाय.”

काही वर्षांपूर्वी त्याने कुणाकडून तरी जुनं गेमचं मशीन मिळवलं आणि त्यासाठी फ्लॅश कार्ट्रिज मागवली. दिसायला जुन्या कॅसेटसारखीच, पण आत मेमरी कार्ड घालायची सोय. त्या कार्डावर लहानपणचे सगळे गेम भरायचे, कॅसेट मशीनला लावायची, की पडद्यावर यादी येते आणि हवा तो गेम निवडता येतो. पहिल्यांदा यादी आली तेव्हा त्याने मला फोन करून बोलावून घेतलं. यादी खाली सरकत होती, सरकतच होती... “मिळाली बघ शेवटी, नवशे नव्व्यान्नववाली,” तो म्हणाला, आणि चाळिशीला आलेल्या त्या गड्याचे डोळे भरून आले. नातेवाईक टिंगल करायचे. लग्नाचं वय गेलं आणि हा खेळण्यांत रमलाय, वगैरे. एका लग्नात त्याच्या आत्याने हेच सुनावलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आत्या, कंपनीत मी ज्याच्यापुढं उभा रातो ते चुकलं तर मानूस मरतो. हे चुकलं तर पयल्यापासून खेळायचं. मला हेच बरं वाटतं.” आत्याला काही ते कळलं नाही.

त्या कॅसेटची एक खोड होती. गेम जिथपर्यंत खेळलात ते जपून ठेवायचं तर मशीन तसंच बंद करून चालत नसे. आधी रिसेटचं बटण दाबायचं, पडद्यावर परत यादी येईपर्यंत थांबायचं, तेवढ्या वेळात खेळ कार्डावर उतरायचा, आणि मग बंद करायचं. थेट बंद केलंत तर त्या दिवसाचं सगळं पाण्यात. काकींनी, म्हणजे गिरीशच्या आईने, सुरुवातीला एकदोनदा मालिकेची वेळ झाली म्हणून सरळ वायर उपटली. गिरीश एवढा ओरडला की पलीकडच्या वाडीतून माणसं बघायला आली. पण काकी पक्क्या शिकल्या. गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पुढे घरातली कुठलीही गोष्ट बंद करताना त्या विचारायच्या, “आदी रिसेट दाबलास का?” पंपाला, मिक्सरला, गॅसच्या शेगडीलासुद्धा. आम्ही हसायचो.

आता कारखान्याचं सांगते, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे रसायनं ज्यात तापवतात त्या बंद टाकीचं, तापमान चढलं की वाजणारा अलार्म असतो. तिथला अलार्म वारंवार वाजायचा, आणि वाजला की काम थांबवून बघावं लागायचं. वरच्यांना थांबणं परवडत नव्हतं. कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली. गिरीशने ती परत जोडली. पुन्हा काढली गेली, पुन्हा त्याने जोडली. शेवटच्या भेटीत ओट्यावर बसून त्याने मला हे सांगितलं. “मला सांगतात, तू फार वेळ लावतोस. सालवडचा एक नवा पोरगा लावलाय, तो म्हनं फटाफट करतो.” मी म्हटलं, लेखी दे. तो म्हणाला, “दिलंय. वाचाया कोन बसलंय?” आणि मग त्याने विषय बदलला, नेहमीसारखा, एका गेममधल्या किल्ल्यावर, जो त्याला काही केल्या सर होत नव्हता.

दहाव्याला कंपनीची माणसं आली. मोठा हार, गिरीशचा मोठा करून आणलेला फोटो, इस्त्रीचे शर्ट. त्यांच्यातले एक साहेब काकींसमोर खुर्चीत बसले आणि आवाज हळवा करून म्हणाले, “फार चांगला माणूस होता हो. पण त्या दिवशी घाई केली त्याने. एक पायरी गाळली.” माझ्या हातात पाण्याचा ट्रे होता. तो मी त्यांच्या डोक्यात घातला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण काकीच बोलल्या. “सायेब,” त्या म्हणाल्या, “माजा गिरीश गेम बंद करायच्या आदीसुद्धा रिसेट दाबायचा. तो पायरी गाळील?” साहेबांना कळेना. त्यांनी शेजारी बघितलं. आत्याच पुढे झाली, “वयनी, आता या वेळेला ते गेमचं नका काडू,” म्हणाली. साहेबांनी समजूतदार मान हलवली, दुःखाने बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय अशी. ती मान मला आयुष्यभर विसरता येणार नाही. साहेब उठले, गाडीत बसले. मागे राहिलेल्या एका कामगाराने मला कुंपणाशी गाठून खालच्या आवाजात सांगितलं, “दीदी, उस दिन भी अलार्म का तार निकाला हुआ था। मेरा नाम मत लेना।” नाही घेणार, बाबा. तुला घर आहे, पोरं आहेत. पण चौकशीत तू हे बोलला नाहीस, तर गिरीशच्या नावापुढे निष्काळजीपणा हाच शब्द कायमचा राहील, हेही मी त्याला तिथेच सांगितलं. तो मान खाली घालून गेला.

परवा पामला गेले तर काकी म्हणाल्या, मशीन लावून बघ ना. त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. बाजूला जुनी पिवळी कॅसेट होती, पट्टीवरचं ‘सात’ पुसट झालेलं. फ्लॅश कार्ट्रिज मशीनमध्येच होती. काकी सांगू लागल्या, त्या सकाळी तो ड्युटीला जायच्या आधी जरासा खेळत होता. कोपऱ्यावर कंपनीची बस येऊन हॉर्न मारत होती. “मी म्हनलं, जा रं, बस जाईल. तर म्हनतो, आई, आदी रिसेट. बोट ठेवून हुबा. यादी आली तवा बंद केलं, मग पळाला.” मी मशीन चालू केलं. यादीतून तो किल्ल्याचा गेम निवडला. पडद्यावर त्याचा खेळ जिथल्या तिथे उघडला... तो किल्ला त्याने सर केला होता. दार उघडं होतं आणि त्याचा छोटा शिपाई आत पाऊल टाकून उभा होता. बस हॉर्न मारत असताना या माणसाने हा शिपाई जपून ठेवला, आणि हे मला सांगतात की त्याने घाई केली.

काकी किती तरी वेळ त्या शिपायाकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यावर हॉर्न वाजला. बस अजून तिथेच थांबते, बाकीचे कामगार चढतात. मी दचकून मशीन बंद करायला हात पुढे केला. काकींनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतः रिसेट दाबला. बाहेर हॉर्न वाजतच होता.

“वाजू दे मेल्याला,” त्या म्हणाल्या. “यादी येऊ दे आदी.”