रॉकीचं ताट, मल्लप्पाची उचल

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षर तर कोंबडीचे पाय. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावं.

"मावशी, या महिन्यानंतर रॉकी नको आणि तो मल्लप्पापण नको," साहेब म्हणाले, तेव्हा मी भाताचं पातेलं उतरवत होते. हात पोळला. साहेबांपुढे मला बोलता येत नाही.

चिंचोळी एमआयडीसीच्या मागे साहेबांचं केनेल आहे. तिथून कारखान्यांच्या गेटवर राखणीला कुत्री जातात. कुत्रं घेऊन उभा राहणारा गार्ड म्हणजे हँडलर. मी कुत्र्यांचं जेवण शिजवते, पिंजरे धुते. मल्लप्पा मैंदर्गीचा, केनेलवरच राखणीला असलेला साधा गार्ड. पगाराच्या आधीच उचल मागायचा, म्हणजे आगाऊ पैसे. मोठी उचल घेतली तेव्हा मी त्याला जामीन राहिले. तो कामावरून गेला तर ते पैसे माझ्या पगारातून कापणार होते. माझं घर त्या पगारावर चालतं.

साहेबांची परीक्षा एकच. ताट समोर ठेवायचं आणि 'घे' म्हणेपर्यंत कुत्र्याने बसून राहायचं. शेरू लाळ गाळत बसायचा. रॉकी ताट खाली टेकायच्या आत तोंड घालायचा.

"खाण्यापुढं ज्याला दम निघत नाही, तो गेटवर काय थांबणार?" साहेब म्हणायचे. "आणि मल्लप्पाला पगारापुढं दम निघत नाही. दोघं एकाच मापाचे."

मल्लप्पा मला हसून म्हणाला, "अक्का, मी आन् रॉकी सख्खं भाऊ हाय की."

"हसू नको. पैसे माझे कापतील."

"न्हाय अक्का, तसं हुनार न्हाय."

नव्या कारखान्याच्या गेटवर साहेबांनी शेरूला पाठवलं. हँडलर संतोष. त्याने आयुष्यात कधी उचल घेतली नव्हती. दुपारी शिफ्ट बदलताना एक कामगार उशीर झाला म्हणून पळत आला. शेरूने झेप घेतली. संतोषनेही पट्टा ओढायचा सोडून त्या कामगारावरच काठी उगारली. शेरूच्या दाताने कामगाराची पँट फाटली, मांडी खरचटली.

कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. उद्या दुसरं कुत्रं पाठवा, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट बंद.

बाकीची कुत्री ड्युटीवर. उरला रॉकी, आणि तो ऐकायचा मल्लप्पाचंच. साहेबांनी कपाळाला हात लावला. "जा बाबा. उद्याचा एक दिवस."

दुसऱ्या दिवशी मी टेम्पोतून गेटवर रॉकीचं जेवण पोचवत होते. शिफ्टचा भोंगा झाला. पोरं पळत सुटली. रॉकी उसळला. मल्लप्पा आवाज न चढवता म्हणाला, "थांब." रॉकी अर्ध्या उडीतून खाली बसला.

"ए, कुत्रं धर की!" एक पोरगा ओरडला.

"धरलंय की. तू कशाला पळतूयास? पगार कापत्यात म्हणून? माजाबी कापत्यात, मी पळतोय व्हय?"

पोरं हसली. मॅनेजरपण हसला.

पुढे लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले. साहेबांनी त्यांना विचारलंच, ताटापुढे बसणारा शेरू झेपावला आणि रॉकी थांबला, असं कसं झालं?

डॉक्टर म्हणाले, "वाट बघता न येणं एक आणि सुटलेलं अंग आवरता न येणं दुसरं. दोन्हीला आपण उतावळेपणाच म्हणतो. पण एक असलं की दुसरं असेलच असं नाही. काहींत दोन्ही असतात. माणसांचंही तसंच आहे."

"मग माझी ताटाची परीक्षा?"

"ताटापुरती बरी आहे."

शेरूला मागच्या गोडाऊनवर पाठवलं, तिथे कोणी पळत नाही. संतोष तिथेच. मल्लप्पा हँडलर झाला आणि पहिल्याच आठवड्यात परत उचल मागायला उभा राहिला. मी तर डोकं धरून बसले. साहेब खूप चिडले, मग थकले. म्हणाले, "याला महिना झेपत नाही. दर शनिवारी पगार देतो आणि उचलही शनिवारीच कापतो."

मी एवढंच शिकले. ज्याला दम निघत नाही त्याला दम धर सांगून आपलाच घसा सुकतो. त्याला थोडं द्यावं, पण लवकर द्यावं. रॉकी अजून ताटावर झडप घालतो. मल्लप्पाचे शनिवारचे पैसे सोमवारी संपलेले असतात.

पण कापायचे ते आधीच कापलेले असतात. गेल्या शनिवारी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मावशी, सुटलात तुम्ही." मल्लप्पाची उचल पूर्ण फिटली.