नळीवरची हळद

नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त यंत्राकडे वाहून नेणाऱ्या नळ्या आम्ही बनवतो आणि मी त्या तपासते. त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्याच आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्यामुळे एरवी नुसता राग आला असता, तिथं मला किळस आली.

नळ्या जिथं पॅक होतात त्या खोलीत केस झाकल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, टिकलीसुद्धा बाहेर काढून ठेवायची. वर्षभर हे सगळे पाळतात. खंडेनवमीला मात्र आमचे मालक सहकुटुंब आत शिरले. यंत्राला हळदीकुंकू, झेंडूची माळ, वर उदबत्ती. नारळ तेवढा बाहेर फोडला, केवढी ही शिस्त! टेबलावर उघड्या नळ्यांचा ढीग तसाच पडलेला. मालकीणबाईंनी हात झटकले आणि पिवळी पूड त्यावर भुरभुरताना मी काचेतून पाहिली.

"हा सगळा माल फेकावा लागेल," मी म्हटलं.

"मॅडम, सणासुदीला असं बोलू नका. पुढं गॅसमधून जातंयच की सगळं, जंतू मरत्यात."

"जंतू मरतील, पण हळद कुठं जाईल? ती रक्तात जाईल, तिथून मेंदूत."

मालक हसले आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो कचऱ्यात टाकला. माल पॅक झाला. माझी सही नव्हती, तर मालकांनी आपल्या पुतण्याची घेतली.

दसरा झाला आणि मालाच्या मंजुरीसाठी सरकारी तपासणी अधिकारी आले. माळ अजून यंत्रावरच होती. साहेबांनी ती पाहिली आणि दारातच बूट काढून हात जोडले. डोक्यावर टोपी घालायला मात्र नकार, भांग विसकटतो म्हणे! देवासाठी पायातलं निघालं, पेशंटसाठी डोक्यावर काही चढलं नाही. मला शिसारी आली. मी यंत्राच्या कडेवरची हळद बोटानं पुसून त्यांच्यासमोर धरली.

"अहो मॅडम, हळद तर जंतुनाशक!" साहेब म्हणाले. मालक खो खो हसले, पुतण्या हसला. मंजुरी मिळाली. मिळणारच होती.

दिवाळी सरली. आईला सोनईहून नगरच्या दवाखान्यात आणलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना नळीचा खोका दाखवा म्हणून हट्ट धरला. त्यांनी कपाटातून काढला. आमचाच. वर पुतण्याची सही.

आईला सगळं सांगितलं. ती खाटेवर शांत बसून होती.

"पुजल्याली हाय ना? मग लई चांगलं की. कशाला भ्यायचं?"

मला तिचाही राग आला, आणि रडूही. मी डॉक्टरांना म्हटलं, दुसऱ्या कंपनीची नळी मागवा, लागेल तेवढा वेळ थांबू. कपाळाला आठ्या घालून का होईना, त्यांनी मागवली. आई आज घरी आहे, चालती-फिरती.

पण त्या दिवशी आमचा खोका डॉक्टरांनी पुन्हा कपाटात ठेवला.

"तो फेकून द्या, डॉक्टर."

"का? मंजुरी आहे त्याला," ते म्हणाले. "परवा एका बाईंचं ऑपरेशन आहे, त्यांना वापरू."