डाव्या हाताची खिडकी

दत्तूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी थेरगावच्या घरी डबा भरत होते. फोन त्यांच्याच नंबरवरून होता, म्हणून मी तो उचलला नाही. खरं सांगायचं तर गेले आठ महिने त्यांचा फोन आला की मी तो वाजून वाजून बंद होऊ द्यायची आणि संध्याकाळी ‘कामात होते’ असा दोन शब्दांचा निरोप टाकून मोकळी व्हायची. त्या दिवशीही तेच करणार होते. पण बंद झालेला फोन लगेच पुन्हा वाजला, आणि भाऊ असं कधी करत नसत... उचलला तर पलीकडे वहिनी. “ताई, ह्ये गेले सकाळी,” एवढंच म्हणाल्या. मी चऱ्होलीला त्यांच्या घरापाशी पोचले, गल्लीतल्या गर्दीत उभी राहिले, लांबूनच हात जोडले आणि परत आले. घरात पाऊल टाकायची माझी हिंमत झाली नाही. त्याला आता दीड महिना झाला.

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये जहाजांच्या खिडक्या बनतात असं सांगितलं की लोक हसतात. आमच्या सासरेबुवांनी तर लग्नाच्या बैठकीतच विचारलं होतं, की जहाज काय पवनेत सोडणार का? समुद्र इथून घाट उतरून पाच-सहा तासांवर, पण लेथ, वेल्डर, रबरवाला, काचवाला सगळे इथे हाकेच्या अंतरावर, म्हणून खिडक्या इथे. मी बीडकडची, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी. दत्तूभाऊ चाकणजवळच्या गावचे. ज्या रानात त्यांच्या वडिलांनी कांदा केला, तिथेच पुढे गाड्यांची कंपनी उभी राहिली आणि भाऊ त्याच रानात वीस-बावीस वर्षं शिफ्ट करत राहिले. व्हॅनचं सरकतं दार बसवणं हे त्यांचं काम. दिवसभर दारंच दारं. त्यामुळे माणसाला एक खोडच लागली होती. बसमध्ये बसले की शेजारची खिडकी मागेपुढे सरकवून बघणार, ती अडली की कंडक्टरला दोन शब्द सुनावणार. दापोडीच्या बसमध्ये एकदा त्यांच्याबरोबर होते, मला तर तोंड कुठे लपवावं ते कळेना.

कंपनी सोडून ते आमच्याकडे फिटर म्हणून आले, तेव्हा मी एका कोड्यात अडकले होते. जहाजावरची झोपायची खोली म्हणजे आमच्या मोरीपेक्षा जरा मोठी. खिडकीला लागूनच झोपायची फळी. खिडकीचं दार आत उघडणारं, म्हणजे ते फळीवरच्या माणसाच्या थेट तोंडासमोर येणार. कोकण किनाऱ्यावरच्या, जहाजं बांधणाऱ्या एका यार्डाला एका जहाजासाठी अशा सोळा खिडक्या हव्या होत्या, ज्या उघडल्या तरी आतली वीतभर जागाही खाणार नाहीत. शिवाय खोलीचं दार कोंडलं गेलं, आत धूर झाला, तर माणसाला बाहेर पडायची दुसरी वाट म्हणजे हीच खिडकी. मी तीन ड्रॉइंगं काढली होती आणि तिन्हींवर खूश होते. भाऊंनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, “ताई, ह्यात माणसाचं डोकं कुठंय?” मी माणूस काढलाच नव्हता! मला राग आला. दहावी झालेल्या फिटरनं मला शिकवावं, असा तो राग होता, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रस्त्यावर उभ्या असलेल्या एका व्हॅनपाशी नेलं आणि तिचं दार दहा वेळा उघडून दाखवलं. दार आधी इंचभर सुटतं आणि मग गाडीच्या अंगालगत सरकतं. आमची खिडकी तशीच झाली. दांडी ओढली की तावदान एक इंच आत येणार आणि मग भिंतीला चिकटून वर जाणार. लिहायला दोन ओळी लागल्या, करायला वर्ष गेलं. भाऊंनी शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक खोली उभी केली, जहाजावरच्या खोलीच्या मापाची, फळीसकट. प्रत्येक खिडकी तिथे बसवायची, दार लावून आतला दिवा बंद करायचा, फळीवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि डाव्या हातानं खिडकी उघडायची. उघडली तर तपासणीच्या तक्त्यावर सही. डाव्याच हातानं का, असं मी विचारलं तर म्हणाले, “अडचणीत माणसाचा उजवा हात मोकळा नसतो, ताई. कायतरी धरून असतो त्यो.” मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं होतं.

सोळाच्या सोळा खिडक्या पास झाल्या. सतरावी जादाची म्हणून प्लायवूडच्या खोलीतच राहिली. प्रत्येक खिडकीच्या तक्त्यावर सहीच्या दोन चौकटी होत्या, पहिली भाऊंची आणि दुसरी, गाडीत चढवण्यापूर्वीची, माझी. भाऊंच्या घरी घट बसतात, त्यामुळे ते सुट्टी टाकून गावी गेले. इकडे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी काय असतं ते सांगायला नको. यंत्रं धुऊन-पुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. त्या वर्षी मला वाटलं, आपली खरी लक्ष्मी तर ह्या खिडक्या. मी स्वतः मऊ फडकं आणि मशीनचं तेल घेतलं आणि सतराही खिडक्या पुसल्या. चौकटी पुसल्या, दांड्या पुसल्या, आणि काचेभोवतीचं काळं रबर चकाकेपर्यंत पुसलं. आता ह्या रबराला तेल चालत नाही. तेल पितं आणि फुगतं. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही, ‘रबराला तेल लागू नये’ ही सूचना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझ्याच हातची होती. पण पूजेसाठी लावलेल्या तेलाला कुणी तेल समजतं का? दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गाडी भरली. भाऊंनी उघडून पाहिलेल्या खिडक्या पुन्हा काय उघडायच्या, असं म्हणत मी एकही न उघडता सोळा सह्या केल्या. चहा निवायच्या आत.

भाऊ परतले तेव्हा गाडी जाऊन सहा दिवस झाले होते. यार्डानं खिडक्या बसवल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज पहिल्या चाचणीला निघणार होतं. चौदा माणसं, समुद्रात तीन दिवस. दुपारी जेवण झाल्यावर भाऊ सवयीप्रमाणे प्लायवूडच्या खोलीत आडवे व्हायला गेले. थोड्या वेळानं आतून हाक आली, “ताई, जरा इकडं या.” मी गेले. ते उठले, मला फळीवर झोपायला सांगितलं, बाहेर जाऊन दार लावलं आणि दिवा बंद केला. म्हणाले, उघडा.

मी डाव्या हातानं दांडी ओढली. ती अर्ध्यावर आली आणि थांबली. पुन्हा ओढली. कुजलेल्या झेंडूचा आणि तेलाचा वास नाकात शिरत होता. मग मी दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवून ओढली... तो एक इंच सुटेना. आपण भोसरीत आहोत, बाहेर दुपार आहे, चार पावलांवर माणसं आहेत, सगळं कळत होतं आणि तरी मी फळीवरून धडपडत उठले. मी दार वाजवलं. भाऊंनी ते लगेच उघडलं नाही. उघडलं तेव्हा रबरावरून बोट फिरवून ते माझ्यासमोर धरलं. बोटाला तेल होतं, कुंकू होतं. कुणी लावलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. “गाडीतल्यांना पन?” मी मान डोलावली.

आम्ही दोघं तसेच शेडच्या मालकांकडे गेलो. मालक काही वाईट माणूस नव्हेत. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा घाम पुसला आणि म्हणाले, तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे. चाचणी होऊन जहाज परत येऊ दे, मग गुपचूप रबरं बदलून टाकू. तीन दिवसांत कोण खिडकीतून उडी मारणार आहे? कळवलं तर पुढच्या जहाजाचं काम हातचं गेलं म्हणून समजा. मी भाऊंकडे पाहिलं. मला खात्री होती की ते बोलतील. वयानं मोठे, मालक त्यांना मानायचे, त्यांच्या एका शब्दानं काम झालं असतं. भाऊ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. “कागदावर ताईंची सही हाय,” ते म्हणाले. “त्याच सांगतील काय ते.”

त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. माझी नोकरी, नावापुढचा हुद्दा, ‘जहाजाच्या खिडक्या आमच्या सूनबाई काढतात’ म्हणून आता चारचौघांत मिरवणारे सासरे, सगळं शाबूत राहिलं असतं. चाचणीत काही होणार नाही, असं मीही मनाशी म्हणून पाहिलं. पण दांडी ओढून माझे तळहात अजून लाल होते... मी यार्डाच्या तपासणी अधिकाऱ्यांना फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मालकांच्या चेहऱ्यावर आलेली आशा मला दिसली, आणि तशीच माझ्याही चेहऱ्यावर आली असणार. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. मी सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, “मॅडम, सही करण्यापूर्वी तुम्ही खिडकी उघडून पाहिली होती का?”

“नाही,” मी म्हटलं.

जहाज थांबलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नवी रबरं घेऊन भाऊ आणि मी घाट उतरलो आणि तीन दिवस त्या जहाजात वाकून-वाकून सोळा खिडक्यांची रबरं बदलली. यार्डातली माणसं तोंडावर काही बोलली नाहीत, मागे काय बोलली ते ऐकू येत होतं. भाऊंनी त्या तीन दिवसांत मला पकड द्या, साबणाचं पाणी द्या, याखेरीज एक शब्द उच्चारला नाही. परतीच्या वाटेवर माझा बांध फुटला. तुम्ही बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. त्यांनी मांडीवरची हत्यारांची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “मी बोललो असतो तर खिडकी तेवढी दुरुस्त झाली असती, ताई.” मला ते वाक्य लागलं. समजलं नाही, नुसतं लागलं. पुढच्या जहाजाचं काम दुसरीकडे गेलं, माझा सहीचा अधिकार वर्षभर काढून घेतला गेला, आणि ह्या सगळ्याचा हिशेब मी भाऊंच्या नावावर मांडला. स्वतःला दोष देण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊंना छातीचा त्रास सुरू झाला आणि त्यांनी काम सोडलं. जाताना त्यांनी मालकांकडून एकच गोष्ट मागून नेली, ती सतरावी खिडकी. तिचं रबर मीच बदललं होतं, रागारागात, पण नीट. ती त्यांनी चऱ्होलीच्या घरात आपल्या खाटेशेजारी बसवली. मग फोन सुरू झाले. एकदा येऊन बघा की, उघडून बघा, तुमच्या हातचं काम हाय. मी दर वेळी येते म्हटलं आणि गेले नाही. थेरगावहून चऱ्होली किती लांब? बीडला जाऊन येण्याइतकी लांब करून ठेवली मी ती.

मागच्या रविवारी गेले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती चढताहेत, त्यामुळे घरात दिवसाही दिवा लागतो. वहिनींनी मला थेट आतल्या खोलीत नेलं. खाट तशीच, वर धुतलेली चादर. त्या खाटेच्या पायाशी बसल्या आणि मी न विचारताच सांगायला लागल्या. पहाटे गार लागतं म्हणून खिडकी त्यांनीच लावून ठेवली होती आणि त्या चुलीपाशी होत्या. आतून टक् असा आवाज झाला. त्यांना वाटलं, उठले असतील, येतील चहाला. चहा घेऊन आत आल्या तर... “उजवा हात छातीवर गच्च धरल्याला. आन डावा त्या दांडीवर. खिडकी पार वर गेल्याली,” वहिनी म्हणाल्या. “वारं घेतलं त्यांनी, ताई. तेवढं मिळालं.”

मला रडू आलं. दीड महिना आलं नव्हतं ते तिथे आलं, आणि वहिनींनी ते येऊ दिलं. मग डोळे पुसताना माझं लक्ष खिडकीखालच्या भिंतीकडे गेलं. भाऊंनी तिथे तपासणीचा तक्ता चिकटवला होता, सतराव्या खिडकीचा. पहिल्या चौकटीत त्यांची वाकडीतिकडी सही. दुसरी चौकट रिकामी. वहिनी म्हणाल्या, कागद पिवळा पडलाय, काढून टाकू म्हटलं तर काढू देत नव्हते. ताई येतील, बघतील, मग सही करतील, असं म्हणायचे.

मी पर्समधून पेन काढलं. मग ते खाली ठेवलं, वहिनींना विचारून खिडकी लावली आणि खाटेवर आडवी झाले. डोळे मिटले. डावा हात वर केला, दांडी ओढली. टक्. खिडकी एक इंच सुटली आणि अलगद वर गेली. बाहेर कुठेतरी सिमेंट कालवायचं यंत्र फिरत होतं, त्याचा आवाज आत आला. त्याबरोबर थोडा वाराही आला. मी उठून सही केली.