गाडी जास्त पेट्रोल खात होती

नवरा गेला तेव्हा गाडी चालूच होती.

एसीही चालू होता. बाहेर लाखांदूरचं मे महिन्यातलं ऊन आणि आत थंडगार.

आज प्रकाश यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर लोक बोलले. आज मी बोलते.

प्रकाश आधी चिखल्याला खाणीतला माल वाहणाऱ्या खासगी ट्रकवर ड्रायव्हर होते. ते काम सुटलं आणि आम्ही साकोलीला आलो. इथं त्यांनी एक जुनी गाडी घेतली. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पांढरी, लांबलचक. असलं इंजिन पोसायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तर ती आमच्या ऐपतीत आली.

लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून भाड्यानं द्यायची, हा त्यांचा प्लॅन.

मी म्हटलं, "काहून एवढी मोठी?"

"माह्या लग्नात मी ट्रॅक्टरवर आलो होतो. तुही मावशी किती हासली होती! आपल्या वस्तीतला पोरगा एक दिवस तरी सायबासारखा उतरला पायजे."

गाडी स्वतः सजवायचे. झेंडूची माळ समोरच्या काचेवर येते का, हे पुन्हा पुन्हा सीटवर बसून बघायचे.

पण गाडी पेट्रोल भयंकर खायची.

त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, लाखांदूरला जाऊन आले, परत भरली. अॅव्हरेज निघालं तेव्हा स्वतःच डोक्याला हात लावून बसले. मोठं इंजिन जास्त खाणारच, पण एवढं नाही.

मग शोध सुरू झाला. टायरची हवा पाहिली. एअर फिल्टर बदलला. पेट्रोल गळतं का म्हणून गाडीखाली पुठ्ठा अंथरला, तो कोरडाच राहिला. प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट. इथल्या मेकॅनिकनं घासून परत लावले. काही दिवसांनी पुन्हा काळे.

एकदा लांबून आल्यावर त्यांनी चारही चाकांना हात लावून पाहिला. मागचं एक चाक चटका बसेल असं तापलेलं. ब्रेक धरून बसत होता. तो मोकळा केला आणि अॅव्हरेज थोडं वाढलं.

"सापडला चोर!" असं ओरडतच घरात आले. हातात गरम आलूबोंडे.

चोर दोन होते.

ब्रेक सापडल्यावर काळ्या प्लगचं कोणी विचारलंच नाही.

त्या गाडीत बसलं की माझं डोकं ठणकायचं. आमच्या लेकीला, पायलला, उलटी व्हायची. प्रकाश म्हणायचे, "ऊन लागलं असन. काचा लाव, एसी वाढवतो."

आम्ही काचा लावायचो.

त्या दिवशी साकोलीजवळच्या एका गावातून वरात लाखांदूरला जायची होती. मी डबा पुढे केला तर हसले.

"लग्नात जाऊन राहिलो ना बाई, डबा कायले?"

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

नवरदेवाला मांडवाशी उतरवून त्यांनी गाडी मागं नेली, दोन भिंतींमधल्या सावलीत लावली. मांडवात भंतेजी त्रिशरण-पंचशील देत होते. लग्न लागलं. नवरदेवाचा भाऊ त्यांना जेवायला बोलवायला गेला. त्यानं काचेतून पाहिलं. सीट मागं करून झोपले होते.

"झोपू द्या भाऊले, पहाटंपासून जागे आहेत," म्हणून तो परत आला.

त्याचं काही चुकलं नाही. मीही झोपू दिलं असतं.

नवरी निघायची वेळ झाली तेव्हा काच वाजवली. मग फोडली.

मी दवाखान्यात पोचले तर चेहरा लालसर, तजेलदार. मी डॉक्टर मॅडमचा हातच धरला. "पाहा ना मॅडम, चेहरा तर चांगला आहे. एकदा अजून पाहा ना."

त्या म्हणाल्या, "ताई, तो रंग गॅसचा आहे."

बाहेर कोणी म्हटलं उष्माघात, कोणी म्हटलं अटॅक. आणि माझ्या पाठीमागं, हळूच, "दारू पेली असन."

माझ्या नवऱ्यानं कधी दारूला हात लावला नाही. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट येईपर्यंत मी ते ऐकत राहिले.

पोलिसांकडून गाडी सुटली. माझ्या भावानं ती भंडाऱ्याच्या एका गॅरेजमध्ये वर उचलून तपासली. इंजिन किती तापलं हे सांगणारा सेन्सर खराब होता. त्यामुळे इंजिन थंडच आहे असं धरून गाडी सतत जास्त पेट्रोल ओढायची. भर मे महिन्यात. ते पेट्रोल नीट जळायचं नाही, धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी गॅस व्हायचा. खालचा सायलेन्सरचा पाइप गंजून फुटलेला. कार्पेट उचललं तर सीटखाली पत्र्याला भोक.

जास्तीचं पेट्रोल कुठं जात होतं, ते असं कळलं.

पुढं एक जण गाडी घ्यायला आला. त्यालाही लग्नांसाठीच हवी होती. "वयनी, सेन्सरचं मी पाहून घेईन, आहे तशी द्या."

मी म्हटलं, "नाही भाऊ. माह्या डोळ्यांसमोर दुरुस्त होईन, मंगच चाबी देईन."

सेन्सर बदलला, पाइप नवीन टाकला, पत्रा वेल्डिंग केला. मग मी गाडी चालू करायला लावली, काचा लावल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले. भाऊ बाहेर काचेला हात लावून उभा. पायल रडत होती, "आई, उतर ना."

डोकं दुखलं नाही.

तेव्हा मी त्या सीटवर खूप रडले. मग उतरून चाबी दिली.

मित्रांनो, गाडी एकदम जास्त पेट्रोल खायला लागली, धूर काळा येत असेल, आत बसणाऱ्याचं डोकं दुखत असेल, तर उन्हाला दोष देऊ नका. गाडी खालून तपासा. बंद काचांत एसी लावून झोपू नका. घरच्या ड्रायव्हरला आजच सांगा.

प्रकाश, त्या दिवशी इतकी गर्दी होती की मले तुमच्याजवळ नीट बसूही दिलं नाही. निरोप राहूनच गेला.

तो आज देते.

जयभीम.