अंगठ्याखालची बारा बटणं

मोटरसायकलच्या अपघातानंतर दादाच्या डाव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. साकोलीत हायवेला लागून आमचं कोशाच्या रेशमी कापडाचं दुकान. तिथे तो बसू लागला, उजव्या हाताने थान उलगडून दाखवू लागला. पण अपघाताआधी तो इंटरनेटवरचा एक खेळ खेळायचा, तो मात्र सुटला. त्या खेळात देशभरातली माणसं टोळी करून राक्षसांशी लढायची आणि दादा जखमी सोबत्यांना बरं करणारा वैद्य व्हायचा. त्या खेळाला एक हात माउसवर आणि दुसरा कीबोर्डवर लागतो.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. अंगठ्याखाली बारा बटणं असलेला माउस मिळतो, असं कळलं आणि सुटीवर येताना मी तो घेऊन आले.

दादाने तो हातात तोलून पाहिला. "लय जड आहे वो. अन् बटनं पाह्यली का, ज्वारीच्या दाण्यासारखी."

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना आम्ही त्याची परीक्षा घेतली. मी आकडा सांगायचा, त्याने न बघता ते बटण दाबायचं. मी "सात" म्हणावं आणि पडद्यावर आठ उमटावा. सगळी बटणं बोटाला सारखीच लागत. तळहाताकडची शेवटची रांग दाबताना अंगठा इतका मुडपायचा की पडद्यावरचा माउसचा बाण भलतीकडेच पळायचा. माउस उचलून ठेवताना तर एखादं बटण आपोआप दाबलं जायचं.

"मले सापडूनच नाही राह्यलं," तो वैतागला.

मी मधल्या एका बटणावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. तो वाळून टणक झाला. आता अंगठ्याला खूण मिळाली. शेवटच्या रांगेवर आम्ही क्वचित लागणारे मंत्र ठेवले. माउसची दोन्ही मोठी बटणं एकदम दाबली की खेळातला माणूस पुढे चालतो, हेही त्याचं त्यानेच शोधून काढलं. मी पुण्याला परत जाईपर्यंत वैद्य पुन्हा टोळीत दाखल झाला होता.

टोळीचे म्होरके इंदूरचे एक निवृत्त मास्तर होते. सगळे त्यांना काकाजी म्हणत. हेडफोनवर त्यांचा आवाज यायचा, "वैद्यजी, हमको सँभालो!" आणि दादा हसायचा. घरात तो तसा हसत नसे.

दोनदा टोळीने नागपूरला भेटायचं ठरवलं. दोन्ही वेळा दादाने दुकानाचं कारण सांगितलं.

मी फोनवर विचारलं, "काहून नाही गेलास?"

"त्याइले वाटते का मी दोन हातानं खेळतो."

"मग सांग ना त्यांना."

"सांगीन वो. कायले घाई करून राह्यली?"

मग एके दिवशी कंपनीने जाहीर केलं की खेळ बंद होणार. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी खेळातल्या वेशीपाशी जमून निरोप घ्यायचा ठरला. त्या दिवशी मी घरीच होते. दादा म्हणाला, "आज सांगतो. नंबरही देतो काकाजीले." कपडे बदलून, केस विंचरून तो कॉम्प्युटरसमोर बसला. तिकडून कुणाला तो दिसणार नव्हता, तरी.

तासभर आधी वादळ सुटलं. कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. मी शेजारच्या मेडिकलवाल्याकडे इन्व्हर्टर मागायला धावले. त्याने लगेच दिला, पण बॅटरी उतरलेली होती. दादा काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. हेडफोन त्याने कानावरून काढलाच नाही.

वीज आली तेव्हा पडद्यावर फक्त कंपनीचे आभार उरले होते.

"नंबर आधीच मांगाले पाह्यजे होता मी," तो म्हणाला. मग उठून हात धुऊन आला आणि न जेवता झोपला.

पुढे मी काकाजींना इंटरनेटवर पुष्कळ शोधलं. पण खेळातलं नाव म्हणजे माणसाचा पत्ता नव्हे. ते खरंच इंदूरचे होते की तसं म्हणायचे, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

दादाने दुसरे खेळ लावून पाहिले, पण त्यात त्याचं मन लागलं नाही. दुकानात इंदूरकडच्या बोलीचं गिऱ्हाईक आलं की कापड गुंडाळता गुंडाळता तो विचारतो, "आपके यहाँ कोई मास्टरजी हैं क्या, जो कम्प्यूटर पर गेम खेलते थे?" माणसं हसतात, पिशवी उचलतात आणि बस पकडायला निघून जातात.